स्मरण कोठे ठेवावे?

हैदराबादेतील अफझलगंज या मुसीकाठच्या वस्तीत एक जुने चिंचेचे झाड आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील या झाडाने २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात दीडशे माणसांना फांद्यांवर आश्रय दिला, असे सांगतात. त्या दिवशी नदीने हजारो माणसे नेली आणि तेथील जुने रुग्णालयही नेले. घर वाहून गेले की घरातील दस्तऐवज आणि खतावण्याही जातात. मग कोणाचे कोणाकडे काय होते, हे सांगावयास कोणी उरत नाही.

याच अफझलगंजात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८९१ साली आसफिया ग्रंथालय या नावाने त्याचा आरंभ झाला आणि १९३६ साली ते आजच्या भव्य वास्तूत आले. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली तेथे मोठ्या संख्येने बसलेली दिसतात. त्यांतील एखादी मुलगी परीक्षेचा अर्ज संगणकावर भरीत आहे, अशी कल्पना करावी. शेवटचा दिवस आहे. नाव, शिक्षण, जात-प्रमाणपत्र अशी चार पाने भरून झाली आहेत. पाचव्या पानावर यंत्र सांगते, ‘कृपया पुन्हा प्रवेश करा.’ भरलेली चारही पाने नाहीशी झालेली असतात. हे असे का व्हावे?

वेबचे मूळ दळणवळण विसराळू आहे. पान मागितले, पान दिले, संबंध संपला! दुसरे पान मागणारी व्यक्ती तीच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. हा दोष नव्हे; या साधेपणामुळेच एक यंत्र असंख्य लोकांना उत्तरे देऊ शकते. परंतु अर्ज भरावयाचा किंवा पैसे पाठवावयाचे, तर ओळख टिकली पाहिजे. त्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ची युक्ती काढली. मोठ्या ग्रंथालयाच्या दारात पिशवी ठेवली की क्रमांकाचा बिल्ला मिळतो. कुकी हा तसाच बिल्ला होय. तो वाचकाच्या संगणकात राहतो आणि प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरला दाखविला जातो. बिल्ला कोणाचा आणि त्याचे काम कोठवर आले, ही नोंद मात्र सर्व्हरकडे असते. या नोंदीलाच ‘सेशन’ म्हणतात.

खरा प्रश्न पुढेच आहे. ही नोंद ठेवावी कोठे? सर्वांत सोपी जागा म्हणजे सर्व्हरची चालू स्मृती. ती अतिशय जलद असते. पण यंत्र बंद पडले किंवा दुरुस्तीसाठी पुन्हा सुरू केले की कोरी होते. शिवाय गर्दीच्या दिवशी एका यंत्राऐवजी चार यंत्रे कामाला लावतात. पहिल्या यंत्राने दिलेला बिल्ला तिसऱ्याला ओळखता येत नाही. त्या मुलीचा अर्ज नाहीसा होण्यामागे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते.

म्हणून पुष्कळ ठिकाणी सेशनची नोंद रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवतात. १९७० साली आय. बी. एम.चे संशोधक एडगर कॉड यांनी या पद्धतीचा पाया घातला. माहिती ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांत मांडावयाची, असे तिचे साधे स्वरूप आहे. ‘नोंद झाली’ असे डेटाबेसने एकदा कळविले की ती तबकडीवर पक्की उतरलेली असते. नंतर वीज गेली तरी ती राहते. चारही यंत्रे एकच वही वाचतात, त्यामुळे कोणत्याही यंत्राकडे गेले तरी ओळख तीच राहते.

या तक्त्याचे रकाने थोडेच असतात : बिल्ला, वापरणाऱ्याचा क्रमांक, आरंभाची वेळ, शेवटच्या वापराची वेळ आणि मुदत. बिल्ल्याचा क्रमांक लांबलचक आणि अंदाज न बांधता येण्याजोगा हवा. एक, दोन, तीन असे क्रमांक दिले तर शेजाऱ्याचा बिल्ला कोणीही ओळखील. तक्त्यात तर मूळ बिल्लाही ठेवू नये, त्याचा गणिती ठसा तेवढा ठेवावा. मग वही चोराच्या हाती लागली, तरी त्या ठशावरून त्याला बिल्ला घडविता येत नाही.

या सोयीला किंमतही आहे. प्रत्येक मागणीला वही उघडावी लागते, आणि दर वेळी ‘शेवटचा वापर’ लिहीत बसले तर डेटाबेसचा वेळ त्यातच जातो. शहाणे कारागीर ती वेळ काही मिनिटांतून एकदाच लिहितात, बिल्ल्याच्या रकान्याला सूची लावतात आणि मुदत संपलेल्या ओळी नियमाने पुसतात. जेथे ओळख हरवल्याने फारसे बिघडत नाही, तेथे चालू स्मृतीही पुरते.

पक्क्या वहीचा आणखी एक लाभ आहे, आणि सामान्य माणसाला तोच अधिक मोलाचा. तीच मुलगी घाईत बाहेर न पडताच खुर्ची सोडून निघाली, तर पुढचा माणूस तिच्या नावाने बसतो. ‘बाहेर पडा’ हे बटण दाबणे म्हणजे वहीतील आपली ओळ पुसावयास सांगणे होय. विसरल्याचे घरी लक्षात आले, तर परवलीचा शब्द बदलावा. व्यवस्था नीट बांधलेली असेल, तर त्या व्यक्तीच्या साऱ्या ओळी त्याच क्षणी पुसल्या जातात आणि दूर राहिलेला बिल्ला निकामी होतो. वहीच नसती, तर हा बिल्ला मुदत संपेपर्यंत परत घेणे कठीण झाले असते.

महापुरानंतर १९०९ साली विश्वेश्वरय्यांना हैदराबादेस बोलाविण्यात आले. पुढील पूर येण्यापूर्वी पाणी वरच अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्यातून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाले. चिंचेच्या झाडाची कृतज्ञता बाळगावी. पण नगराची रक्षा झाडावर सोपवून भागत नाही. यंत्र केव्हातरी बंद पडणारच, हे गृहीत धरून त्याची वही आधीच सुरक्षित जागी नेऊन ठेवणे, हे ती यंत्रे चालविणारांचे कर्तव्य आहे. उठताना आपली ओळ पुसून जाणे, हे वापरणाराचे.