उपचार चालू असलेल्या पुरुषाची राहून गेलेली तपासणी



ज्या विषयाचा नुसता उच्चार झाला तरी सभेतील माना खाली जातात, तो विषय या व्याख्यानमालेत मांडू देण्यास घाटंजीकर मंडळींनी हरकत घेतली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक आरोग्याच्या याच विषयांवर उघड लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांना त्यापायी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

एचआयव्हीची औषधे शासनाने १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि आज जो इसम ती नियमाने घेतो व ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधाद्वारे हा विषाणू दुसऱ्यास जात नाही, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. परंतु या सुखद सत्याच्या छायेतच एक गैरसमज वाढतो. घाटंजीहून यवतमाळला जाऊन आपण वेळोवेळी रक्त देतो, त्याअर्थी आपले सारे तपासले जाते, असे त्या इसमास वाटते. वस्तुतः विषाणूभाराच्या चाचणीतून उपदंशाचा, म्हणजे गरमीचा, काहीच बोध होत नाही. त्या रोगाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी निश्चिंत होतो, आणि रोग मात्र आत राहून मेंदू व दृष्टी यांपर्यंत पोहोचू शकतो, ज्याचे भय एचआयव्हीबाधितास अधिक.

परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गांची गोष्ट याहून नाजूक आहे. घसा व गुदद्वार येथे ते कोणत्याही लक्षणावाचून मुक्काम करतात, आणि तेव्हा केवळ लघवी तपासली तर ती निर्दोष ठरते. नमुना कोठून घ्यावा हे संबंधांचे स्वरूप विचारल्यावाचून ठरत नाही. आणि समोरचा गृहस्थ विवाहित, मुलाबाळांचा धनी आहे, एवढ्यावरून त्याचा पुरुषाशी संबंध नसेलच असे गृहीत धरून प्रश्न गिळणे, ही मला वैद्यकीय कर्तव्यातील गंभीर उणीव वाटते. संकोच मोडण्याचा पहिला भार विचारणाऱ्यावर आहे, रोग्यावर नव्हे. २०१८ च्या सप्टेंबरात, ६ तारखेस, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, आणि १० तारखेस एचआयव्हीबाधितांच्या माहितीची गुप्तता राखण्याचे बंधन घालणारा कायदा अमलात आला. तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या पाठीशी आता कायदाही उभा आहे.

लक्षण असो वा नसो, वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. जोडीदार एकाहून अधिक असल्यास दर तीन ते सहा महिन्यांनी. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ याच कामासाठी आहेत. उपदंश लवकर सापडला तर चोवीस लाख युनिट पेनिसिलिनचे इंजेक्शन सामान्यतः पुरते, मात्र जोडीदाराची तपासणी व उपचारही सोबतच व्हावेत. आणि व्हीडीआरएल या उपदंशाच्या रक्तचाचणीच्या पहिल्या अहवालाचा कागद जपून ठेवावा: त्यावरील आकडा, समजा १:३२, उपचारानंतर काही महिन्यांत १:८ किंवा त्याहून खाली आला, तर औषध लागू पडले, उतरलेला आकडा पुन्हा चौपट चढला, तर बहुधा नवा संसर्ग झाला, हे तो कागद हाती असल्याशिवाय डॉक्टरांस सांगता येत नाही.