कारण : दवाखाना

(कारेगाव येथील सभेत एका गटाच्या सचिवताईंनी केलेलं हे भाषण. त्या बोलल्या तसंच, थोडं नीट करून छापलं आहे.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या नव्या सुनांनो.

मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय ‘आनंदी जीवन’. घरी सांगितलं तर सगळे हसले. मालक म्हणाले, “तू आनंदावर बोलणार? सकाळी सहाला तुझ्या तोंडाचा पट्टा चालू होतो तो रात्रीपर्यंत.” खोटं नाही ते. म्हणून मी आनंद कसा मिळवायचा हे काही सांगणार नाही, ते मलाच माहीत नाही. आमच्या गटाच्या वहीची एक गोष्ट सांगते. ती ऐका आणि घरी जाऊन आपापली वही उघडून बघा.

तुमच्या सगळ्यांच्या गटात कर्जाची वही आहे. नाव, तारीख, रक्कम, हप्ता, आणि मधे एक रकाना, ‘कर्जाचे कारण’. आमच्यात तो मी भरते, कारण माझं अक्षर बरं आहे. मागं सीआरपी ताई वही तपासायला आल्या होत्या. पानं उलटता उलटता थांबल्या. म्हणाल्या, “ताई, गटात बायका अकरा. वर्षात नऊ वेळा दवाखाना. तुमच्या आळीत काही साथबीथ आहे का?”

सगळ्या गप्प. मग एक जण पदर तोंडाला लावून हसली. ती हसली म्हणून दुसरी हसली. मग काय, सगळ्याच.

नऊ दवाखान्यांतले खरे तीन. एक बाळंतपण, एक डोळ्याचं ऑपरेशन, एक लेकराचा ताप. बाकीचे सहा काय होते सांगू? एकीला भावाच्या लग्नात आपल्या पसंतीची साडी नेसायची होती. एकीच्या मोबाईलची काच फुटली होती. एकीला पैंजण. एकीला चुलत जावांबरोबर अष्टविनायकाला जायचं होतं. आता बघा, रांजणगावचा महागणपती आपल्या शेजारी, सारं जग त्याच्या दर्शनाला आपल्या रस्त्यावरून जातं, आणि हिला पन्नाशी आली तरी बाकीचे सात बघायचे राहिलेत. ती गेली, पण वहीत लिहिलं ‘दवाखाना’. पाचवीचं मी सांगत नाही, तिनं नको म्हटलंय.

आणि सहावं कर्ज माझं स्वतःचं होतं. पाचशे रुपये. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात, ‘दवाखाना’.

आता विचार करा, खोटं लिही असं कुणी म्हणालं होतं का? नाही. पैसा आमचा, बचत आमची, व्याज आम्हीच आम्हाला देतो. तरी हात तसाच चालला. मालक कंपनीतून सुटले की नाक्यावर तासभर बसतात, चहा होतो, गप्पा होतात. त्या तासाचं कारण कुठल्या वहीत लिहावं लागत नाही. मी त्यांना दोष देत नाही, आठ तास उभं राहून येतात. पण मी दुपारी अर्धा तास टेकले आणि कुणाची चाहूल लागली, की आधी हातात लसूण घेते. सोलायचा नसला तरी घेते. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हीही घेता.

हे आजचं नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या जात्यावर गायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात पिठाची गिरणी होतीच, पण डाळ भरडायला, सणाच्या दळणाला जातं लागायचं. पहाटे त्या बसायच्या आणि एकामागं एक ओव्या. भावावर, माहेरावर, पंढरीच्या विठ्ठलावर, आणि कधी कधी सासऱ्यावर अशी काही, की मी अंथरुणात तोंड दाबून हसायची. एरवी ही बाई दिवसभर चार शब्द बोलायची नाही. एकदा मी म्हटलं, “आत्याबाई, संध्याकाळी निवांत बसून म्हणा ना एखादी.” तर म्हणाल्या, “रिकामं बसून कोण गातं गं? लोक काय म्हणतील?”

म्हणजे हात कामात असला तरच गळ्याला परवानगी. पुढं मिक्सर आला, जातं बंद झालं. हाताचे कष्ट गेले ते फार बरं झालं, जातं ओढून ज्यांचे खांदे दुखलेत त्यांना विचारा. पण त्याच्याबरोबर आत्याबाईंचं गाणंही बंद झालं, आणि ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर नाहीच. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं माझ्या हातात मोबाईल होता. त्यात नातवाचे, म्हशीचे, जेवणाच्या ताटाचे व्हिडिओ आहेत. आत्याबाईंच्या आवाजात एक ओळ नाही.

हे मला कधी कळलं, तेही सांगते. रात्री जेवणं, भांडी उरकली की मी मोबाईल घेते. मालिका बघायची ती टीव्हीवर, पण नंतर अंधारात पडून मोबाईल. एक रील, दुसरी, तिसरी, घड्याळात साडेअकरा. सकाळी आठवायला गेलं तर काय बघितलं ते काही सांगता येत नाही. मोबाईल वाईट, असं मी म्हणणार नाही, म्हणायला मला तोंड नाही. तर अशीच एका रात्री पडले होते. लेकीनं मला बोलून शोधायला शिकवलं होतं. ते लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. मी सहज बोलले, “जात्यावरच्या ओव्या.”

आणि बायांनो, निघाल्या की! नुसत्या चार-दोन नव्हेत. हेमा राईरकर म्हणून एक बाई होत्या आणि गी प्वातवाँ म्हणून फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले एक संशोधक. त्या दोघांनी आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी हजारावर गावं फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बायकांकडूनच. आता ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. आणि त्यात एक गाव कुठलं निघालं? सविंदणे. आपल्याच शिरूर तालुक्यातलं! तिथल्या बायका गातायत आणि मी कारेगावात अंथरुणात बसून ऐकतेय. चाल तीच, आत्याबाई म्हणायच्या ती. मला रडू आलं. मालक जागे झाले, म्हणाले, “काय झालं? पोटात दुखतंय का?” मी म्हटलं, “हो.”

बघा, तिथंही दवाखानाच.

मग पाचशे रुपयांचं. आमच्या खोल्यांत भाडेकरू राहतात, कंपनीतले. त्यातल्या एकाची मुलगी शाळेतून खोडदला जाणार होती, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला. ती सांगत होती, तिकडं एवढ्या मोठ्या डिश आहेत की आपलं घर त्यात मावेल. नारायणगावची आम्हाला ओळख ती तमाशामुळं. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच. शासन त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. मी लहान असताना यात्रेत तमाशा यायचा, तेव्हा बाई फडावर नाचायची आणि गावच्या बाईनं घरात बसून लांबूनच ढोलकी ऐकायची. ते जाऊ द्या, तो विषय वेगळा आहे. पण त्याच नारायणगावजवळ आकाशाकडं तोंड करून डिश उभ्या आहेत, हे ऐकलं आणि मला चैन पडेना. डिश म्हणजे टीव्हीची ना? मग एवढ्या मोठ्या डिशला चॅनेल कुठलं लागत असेल?

हसू नका. मला खरंच तो प्रश्न पडला होता आणि तो डोक्यातून जाईना. कांदा काढताना तोच, भाकरी थापताना तोच.

शेवटी आम्ही पाच जणींनी जीप ठरवली. घरी सांगितलं, गटाचं प्रशिक्षण आहे. मलठण, मंचर, नारायणगाव करत पोचलो. शाळेच्या पोरांची ही गर्दी! आत मोबाईल बंद ठेवायचा. का, तर त्या डिश आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लहरी ऐकतात, आणि त्या इतक्या बारीक असतात की त्यांच्यापुढं आपला मोबाईल म्हणजे कानाशी लावलेला डीजे. खोडदची जागाही म्हणूनच निवडली, भोवती डोंगर आहेत, बाहेरचा गोंगाट अडतो. अशा ३० डिश आहेत. एकेक ४५ मीटर रुंद, म्हणजे दीडशे फुटाच्या जवळ. १४ तिथं एकमेकींच्या आसपास, बाकीच्या १६ तीन दिशांना शेतांमधून लांबवर गेलेल्या. आणि पत्र्याच्या नाहीत बरं का, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो म्हणून हलक्या आणि स्वस्तात झाल्या. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांची ती युक्ती. मला लगेच आमची पिठाची चाळण आठवली.

एक पोरगा माहिती सांगत होता. आमच्यातली सगळ्यांत मोठी, साठीची बाई, शाळेचं तोंड न बघितलेली, तिनं सरळ विचारलं, “बाळा, हिला चॅनेल कुठलं लागतं?” मला जमीन दुभंगावी असं झालं. पण तो हसला नाही. म्हणाला, “आजी, फार जुनं चॅनेल लागतं.” मग त्यानं सांगितलं, की हायड्रोजन वायूचा एक मंद संदेश या डिशनी पकडला. तो निघाला होता ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा आपली पृथ्वीही झाली नव्हती. २०२३ साली ही बातमी जगभर गेली. म्हातारी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “एवढ्या लांबून आला तर थकला असेल.” तो म्हणाला, “अगदी बरोबर, आजी. थकतो. म्हणून तर एवढ्या मोठ्या डिश लागतात.”

परत येताना जीपमध्ये आम्ही पाची जणी एकदम बोलत होतो. फोटो एकही नाही, कारण मोबाईल बंद होते. पण मला त्या दिवसातलं सगळं आठवतंय, डब्यात शेंगदाण्याची चटणी होती तीसुद्धा.

रात्री मला राहवेना. मालकांना सांगायला लागले, ८८० कोटी वर्षं, तारेची जाळी, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “गटाच्या प्रशिक्षणात हे शिकवतात?” झालं. मग खरं सांगितलं. मला वाटलं, आता बोलतील. जरा वेळानं म्हणाले, “मला का नाही नेलं?”

तर सीआरपी ताईंनी वही धरली, त्यानंतरच्या बैठकीत हे सगळं मी मांडलं. आधी माझं स्वतःचं सांगितलं, मग बाकीच्या बोलल्या. मी म्हटलं, इथून पुढं खरं कारण लिहू. यावर मोठा वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, “पैसा अकरा जणींचा आहे. आज सहल, उद्या पिक्चर. हिच्या हौसेपायी हप्ता चुकला आणि माझ्या लेकराला खरंच दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?” बोलणं चुकीचं नव्हतं. माझे पाचशे मी वेळेवर फेडले होते, पण प्रत्येकीचं तसं होईलच असं नाही. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ठरलं, की हौसेला पाचशेपर्यंत द्यायचे, हप्ते नियमित असतील तिलाच, आणि आजारपणाचा अर्ज आला तर तो आधी. मावशींना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही. इतिवृत्तात त्यांचा विरोध लिहिला आहे. लिहायलाच पाहिजे.

पहिली खरी नोंद झाली ती अशी, ‘कारण : चांगली चप्पल’. लिहिताना माझा हात जरा अडखळला. पण लिहिलं.

एकीचं मात्र मी अजूनही दवाखानाच लिहिते. तिच्या घरी तिच्या कर्जाच्या नोंदी वाचल्या जातात. खरं लिहिलं तर तिला काय सोसावं लागेल ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सीआरपी ताई, तुम्ही एवढं वाक्य ऐकलं नाही असं समजा.

माझी दहा मिनिटं संपली, मला दिसतंय. एकच काम आहे तुमच्याकडं. आमच्या आळीत ओव्या येणाऱ्या तीन म्हाताऱ्या अजून आहेत. त्यातली एक आत्याबाईंची मैत्रीण, दोघी एका जात्यावर बसायच्या. येत्या गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्या ओव्या मोबाईलवर भरून घेणार आहोत. आपापल्या आळीतल्या कुणी असतील तर त्यांनाही घेऊन या, मोबाईल चार्ज करून आणा. अडचण एवढीच, की ती म्हातारी म्हणते, नुसतं बसून मला आठवत नाही, हातात खुंटा पाहिजे. आमचं जातं आम्ही कधीच फोडलं, वरची तळी तुळशीपाशी पायरी म्हणून टाकलीय. तेव्हा कुणाच्या पडवीत, गोठ्यात चालणारं जातं पडलेलं असेल तर आजच सांगा. उचलायला आम्ही चौघी येतो. खुंटा नसला तरी चालेल, सुताराकडून करून घेऊ.