रेडिओची चर्चा आणि समोर बसलेले शेतकरी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून वीज, कर्ज आणि बाजार समिती यांवर बोलणं झालं. आता रेडिओचा विषय निघाला म्हटल्यावर मागच्या रांगेत तंबाखू मळायला सुरुवात झाली, ते मला इथून दिसतंय. हल्ली रेडिओ ऐकतो कोण, असं तुमच्या मनात असणार. पण पहाटे धार काढताना, बागेत खुडणी करताना, ट्रॅक्टरवर बसल्यावर हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. मोबाईलच्या पडद्याकडं बघत धार निघत नाही. म्हणून ऐकणारे अजून आहेत, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहेत.

तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, शेतमालाच्या भावावर चर्चा ठेवायची आणि ती शेतकऱ्यांसमोर ध्वनिमुद्रित करायची, असा प्रस्ताव आपल्याकडं आला आहे. निरोप असा आहे की 'दोनशे शेतकरी बसवा.' बसवा म्हणजे काय, एवढाच माझा आजचा विषय आहे. गणपती बसवतात, घट बसवतात. तसे शेतकरी बसवायचे असतील तर माझा त्याला विरोध आहे. टाळ्या वाजवायला दोनशे माणसं लागत नाहीत. टाळ्यांचं ध्वनिमुद्रण रेडिओवाल्यांकडं तयार असतं.

मी एका अशा कार्यक्रमाला हजर होतो. केंद्राचं नाव घेत नाही. समोर ऐंशी-नव्वद शेतकरी, वर तीन तज्ज्ञ. कार्यक्रमाआधी पाच जणांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीत प्रश्न लिहिलेला. 'नमस्कार साहेब, कपाशीवरील बोंडअळीच्या नियंत्रणासाठी काय उपाय करावेत?' साहेबांच्या हातातल्या कागदावर त्याचं उत्तर लिहिलेलं. शेतकऱ्यानं चिठ्ठी वाचली, साहेबांनी कागद वाचला. पाच प्रश्न झाले, चहा झाला. उठता उठता एक म्हातारी म्हणाली, "फवारा म्हणून सांगितलं, पण फवारणीच्या गड्याला आज काय हजेरी पडते ते साहेबांना ठाव हाय का?" त्या दिवसभरातला खरा प्रश्न तेवढा एक, आणि तो विचारला गेला तेव्हा माईकची वायर गुंडाळून झाली होती.

पुण्याचा प्रयोग

हे काम नीट कसं करायचं, हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. १९५६ साली आपल्याच मुलखात याचा मोठा प्रयोग झाला आणि जगभर त्याचा अभ्यास झाला. आपल्यालाच त्याची आठवण नाही. आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचं एक श्रोता मंडळ. त्याला एक अध्यक्ष, एक निमंत्रक. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद करायचा आणि मग आपसात बोलायचं. बोलण्यातून जे प्रश्न निघतील ते निमंत्रकानं लिहून केंद्राला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची.

याची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. अहवाल लिहिला आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी. तपासणी करताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. नुसती मंडळांची गावं पाहिली नाहीत. जिथं रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि जिथं दोन्ही नाही अशीही गावं शेजारी ठेवून पाहिली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती किरकोळ वाढली. म्हणजे यंत्र तेच, बोलणारा तोच, गावंही साधारण सारखीच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यावर माणसं एकमेकांशी बोलली त्यानं.

पुढं १९५९ पासून सरकारनं ही योजना देशभर नेली. मंडळांची संख्या हजारांवर गेली, आणि हळूहळू ती कागदावर राहिली. माझं मत असं की प्रश्न वर पाठवला आणि उत्तर आलं नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी लिहीत नाही. हा अनुभव आपल्याला तहसील कचेरीपासून सगळीकडं आहे.

ही कल्पना मुळात आली कॅनडातून. तिथं १९४१ पासून १९६५ पर्यंत शेतकऱ्यांचा रेडिओमंच चालला. थंडीच्या दिवसांत सोमवारी रात्री शेजारीपाजारी एका घरी जमायचे. विषयाची छापील पत्रिका आधी घरी आलेली असायची. ऐकून झालं की चर्चा, आणि चर्चेचं मत लिहून प्रांताच्या कचेरीत. त्या मतांचा गोषवारा पुन्हा रेडिओवर वाचला जायचा. पत्रिका आधी हातात, हे लक्षात ठेवा. आपल्याकडं विषय कळतो मांडवात बसल्यावर.

अमेरिकेतली गोष्ट तर मजेशीर आहे. जॉर्ज डेनी नावाच्या गृहस्थांना कळलं की आपला एक शेजारी अध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण ऐकायलाच तयार नाही, कारण त्याला रूझवेल्ट आवडत नाहीत. डेनींना वाटलं, जो तो आपल्याच बाजूचं ऐकत बसला तर लोकशाही चालायची कशी? म्हणून १९३५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये विरोधी मतांच्या माणसांना एकाच व्यासपीठावर आणलं, समोर सभागृह भरवलं आणि लोकांना थेट प्रश्न विचारू दिले. सगळं रेडिओवरून जायचं. वीसेक वर्षं, १९५६ पर्यंत तो कार्यक्रम चालला. डेनींचा तो शेजारी आजही आहे. तो आता आपल्याच पंथाच्या गटातले संदेश मोबाईलवर वाचतो, आणि तो आपल्या संघटनेतही आहे.

इंग्लंडमध्ये बीबीसीचा 'एनी क्वेश्चन्स' १९४८ पासून चालू आहे. तो एका जागी होत नाही. आज या गावच्या सभागृहात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. आलेल्या लोकांकडून प्रश्न लिहून घेतात, त्यातले निवडतात, आणि वर बसलेल्यांना ते आधी दाखवत नाहीत. ज्याचा प्रश्न निवडला तो उभा राहून स्वतःच्या तोंडानं विचारतो. आपण धरून बसायची अट ही आहे. प्रश्न आधी गोळा करायला हरकत नाही, निवडायलाही हरकत नाही. पण उत्तर देणाऱ्याच्या हातात तो आधी जाता कामा नये.

दोनशे माणसं आणि एक तास

आता हिशेब करू. दोनशे माणसांना प्रत्येकी अर्धा मिनिट दिला तर नुसत्या प्रश्नांनाच शंभर मिनिटं गेली. कार्यक्रम एक तासाचा. वर तिघं बसणार, ते काही मुके बसणार नाहीत. प्रश्नाला अर्धा मिनिट आणि उत्तराला दोन-अडीच मिनिटं धरली, सुरुवात-शेवट सोडला, तर फार तर सतरा-अठरा प्रश्न होतील. मग ज्यांचा नंबर लागत नाही त्यांनी काय करायचं? त्यांचं काम आधी होतं. गावात बसून, घासाघीस करून, गावाचा एक प्रश्न ठरवायचा. पुण्याच्या प्रयोगाचं सार तेच आहे. कार्यक्रमाला गावातले चारच जण आले तरी प्रश्न चाळीसांचा असला पाहिजे.

आणि प्रश्न कसा असावा? 'कांद्याचं काय ते सांगा' हा प्रश्न झाला नाही. असा प्रश्न आला की पाहुण्याला आनंद होतो. तो दहा मिनिटं शेतीच्या इतिहासावर बोलतो आणि खाली बसतो. त्याऐवजी असं विचारा: '८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. त्या वेळी माझा खरिपाचा लाल कांदा काढणीला आला होता. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला. तोवर तो कांदा मी कुठं ठेवायचा होता?' यात तारीख आहे, पिकाचा स्वभाव आहे, आणि शेवटी एकच प्रश्न आहे. याचं उत्तर देता येतं किंवा देता येत नाही. उत्तर देता आलं नाही तर तेही रेडिओवर ऐकू जातं. वर बसलेला माणूस अडखळला, खाकरला, की दोन सेकंदांची शांतता घरोघर पोचते.

रेडिओला डोळे नाहीत, हे ध्यानात ठेवा. मान हलवली, हात वर केला, कपाळाला हात लावला, यातलं काही ऐकू जात नाही. 'एवढं एवढं पीक राहिलं' म्हणून बोटं दाखवाल तर घरी ऐकणाऱ्याला काय कळणार? एकरी किती क्विंटल ते सांगा. उभं राहिल्यावर आधी नाव आणि गाव सांगा. आपला एक कार्यकर्ता माईक घेऊन फिरेल, त्यानं माईक स्वतःच्या हातात धरावा, विचारणाऱ्याला देऊ नये. एकदा हातात गेला की तो परत मिळत नाही, आणि हे मी पुढाऱ्यांना उद्देशून बोलतोय. आपल्यातले काही जण प्रश्न विचारायला उभे राहतात आणि भाषण करून बसतात. त्या दिवशी जिल्ह्याच्या एकाही पदाधिकाऱ्यानं माईकला हात लावायचा नाही, असा ठराव आज व्हावा अशी माझी सूचना आहे.

कर्ण्याचं तोंड माईककडं असलं की शिट्टी वाजते. जनरेटर मांडवाला चिकटून ठेवला की त्याची घरघर सगळ्या बोलण्याखाली ऐकू येते. लोकांना शाळेसारखं रांगेत न बसवता अर्धगोलात बसवा, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतील. मायबहिणींची जागा पुढं, आणि त्यांच्याकडचा माईक बाईच्याच हातात. ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा होऊ द्याव्यात. पहिल्यांदा माईक समोर आला की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

गोंधळाबद्दल एक. वर व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी असेल, सरकारी अधिकारी असेल. तो चुकीचं बोलला की हुर्यो करायचा मोह होईल. मांडवात ती हुर्यो जोरदार वाटते. रेडिओवर तो फक्त एक गलका ऐकू येतो, आणि गलक्यात एकटा बोलणारा माणूस बिचारा वाटतो. घरी ऐकणारी बाई म्हणेल, बोलू द्या की त्याला. आपला प्रश्न खरा असून सहानुभूती त्याला मिळेल. शिवाय तो पुन्हा कधी यायचा नाही. मग पुढच्या वेळी कोणाला विचारणार, आपल्याच माणसांना?

राहिली काटछाट. कार्यक्रम थेट जाणार असेल तर प्रश्न नाही. आधी मुद्रित करून नंतर लावणार असतील तर एक तासाचा अर्धा तास होतो, आणि काय कापायचं ते ठरवणारी खोली आपल्याला दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मूळ ध्वनिमुद्रणाची पूर्ण प्रत आपल्याला मिळावी, प्रश्न ठेवून उत्तर किंवा उत्तर ठेवून प्रश्न कापू नये, आणि लावण्याची तारीख-वेळ आठ दिवस आधी कळवावी. कोणी म्हणेल, रेडिओ त्यांचा, आपण अटी कशा घालणार? तर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगून ठेवलंय की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्या कोणा खात्याच्या खासगी नाहीत. पुढं २००६ मध्ये धोरण बदललं आणि कृषी विज्ञान केंद्रांना, सामाजिक संस्थांना छोटी सामुदायिक केंद्रं काढता येऊ लागली. साताऱ्यात म्हसवडला असं केंद्र आहे. त्यांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा असतो आणि स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना मुभा नाही. पण गावच्या माणसांना समोर बसवून चर्चा करायला कोणाची आडकाठी नाही. मोठं केंद्र या अटी मानत नसेल तर लहान केंद्राकडं जाता येईल.

शेवटचं, तयारीचं. कार्यक्रम लागेल त्या दिवशी प्रत्येक गावानं एका जागी बसून तो ऐकावा. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करावा आणि किमान अर्धा तास बोलावं. न सुटलेले प्रश्न लिहून जिल्हा कचेरीत पाठवावेत. ते केंद्राकडं नेणं आणि उत्तर आणून गावाला कळवणं हे कचेरीचं काम राहील. उत्तर आलं नाही तर तसं याच पत्रकात गावाच्या नावासह छापू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावं, पण शब्द स्वतःचे ठेवावेत, पोराला ते शुद्ध करू देऊ नयेत. प्रत्येक गावासाठी एक वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. निमंत्रकाचं नाव लिहून ती जाताना घेऊन जा.