व्होल्टची मोड



संतवाङ्मय, इतिहास आणि प्रवासवर्णन यांची गोडी असलेल्या श्रोत्यांपुढे व्होल्ट हा विषय घेऊन उभे राहणे हे धाडसच म्हणावयाचे. पत्रिका वाचून काही मंडळींनी आजची संध्याकाळ घरीच काढावयाचे ठरविले असेल. जे आले त्यांचे आम्ही म्हणूनच विशेष आभारी आहोत. आम्ही शाळेत फार टिकलो नाही. विजेबद्दल जे काही कळते ते रातपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून मिळविलेले. तेव्हा प्राध्यापकी व्याख्यान आमच्याकडून होणार नाही, ते आपण अपेक्षूही नये.

आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलवर व्होल्टचे रूपांतर करून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. एका चौकोनात आकडा लिहावयाचा, शेजारी एकक निवडावयाचे, आणि पलीकडच्या चौकोनात दुसऱ्या एककातले उत्तर तयार. हे काम म्हणजे रुपयाची मोड करून देणे. १९५७ सालच्या एप्रिलपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, नंतर शंभर नवे पैसे झाले. रुपया तेवढाच राहिला, मोड बदलली. व्होल्टचेही तसेच. एका व्होल्टचे हजार मिलिव्होल्ट, दहा लाख मायक्रोव्होल्ट. हजार व्होल्टचा एक किलोव्होल्ट आणि दहा लाख व्होल्टचा एक मेगाव्होल्ट.

हे आकडे हवेत राहू नयेत म्हणून थोडी ओळख करून देतो. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात त्या कागदावर नेहमीच्या मापाप्रमाणे दहा मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट. भट्टीच्या उष्णतेवर लक्ष ठेवणाऱ्या ‘के’ जातीच्या थर्मोकपलची तारेची जोडी १००० अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मिलिव्होल्ट देते. ओतशाळेतला आमचा माणूस हा आकडा पाठ म्हणतो. बॅटरीचा सेल दीड व्होल्टचा. घरची वीज २३० व्होल्टची. गल्लीच्या टोकाला जे रोहित्र असते, त्याच्या वरच्या बाजूला बहुधा ११ किलोव्होल्ट. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टवर. आज तेथील लोकलगाड्यांच्या तारेवर २५ किलोव्होल्ट असतात. आणि चंद्रपूरची वीज पडघ्याला आणणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी ५०० किलोव्होल्टची, म्हणजे आपल्या भाषेत पाच लाख व्होल्टची.

येथे एक गोम आहे. आपली मोजणी हजारानंतर शंभराच्या पायरीने चढते: लाख, कोटी, अब्ज. या एककांची पायरी मात्र हजाराची. लाखासाठी त्यांच्याकडे नावच नाही. पाच लाख व्होल्ट म्हटले की एकाने ५०० किलोव्होल्ट लिहावे आणि दुसऱ्याने अर्धा मेगाव्होल्ट, दोघेही बरोबर. पण घाईत डोक्यातल्या डोक्यात हे करू गेले की एखादे शून्य निसटते. मोबाइलचे साधन अशा वेळी खरोखर उपयोगी पडते, आणि ते वापरण्यात कमीपणा मानणाऱ्या जुन्या वायरमनांशी आमचे मुळीच पटत नाही.

साधन वापरताना एका अक्षराकडे लक्ष ठेवावे. इंग्रजीत मिलिव्होल्टचा एम धाकटा आणि मेगाव्होल्टचा एम थोरला. यादीत ते खालीवर बसलेले असतात, बोटाचा धक्का लागायचा अवकाश. या दोन एमांत अंतर किती? एक अब्ज पट. चुकून थोरल्या एमावर बोट पडले तर हृदयाच्या आलेखातला एक मिलिव्होल्ट चंद्रपूरच्या वाहिनीच्या दुप्पट होतो. इतकी मोठी चूक पाहणाऱ्याला लगेच दिसते, म्हणून तिचे भय कमी. भय वाटते ते दिसूनही खपणाऱ्या चुकीचे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, सबस्टेशनवर एक कंत्राटी माणूस रातपाळीला असे. दर तासाला मीटर पाहावयाचे आणि वहीत आकडे लिहावयाचे, एवढे त्याचे काम. जुन्या वहीत येणारी आणि जाणारी लाइन, दोन्हींचे रकाने व्होल्टचे होते. एकीत ११०००, दुसरीत ४१५. पुढे नव्या वह्या छापून आल्या. त्यात दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर इंग्रजीत किलोव्होल्टची खूण होती. ती कोणी कोणाला समजावून दिली नाही. येणाऱ्या लाइनचा मीटर किलोव्होल्टचा, त्यावर ११ दिसे. याने ११ लिहिले. जाणाऱ्या लाइनचा मीटर व्होल्टचा, त्यावर ४१५ दिसे. याने ४१५ लिहिले. डोळ्यांना दिसले ते हाताने उतरविले.

चोवीस दिवस असे गेले आणि एका रात्री मोठी मोटर जळाली. कारण शोधण्याऐवजी माणूस शोधण्यात आला. आरोपपत्रात दोन कलमे: खोट्या नोंदी आणि निष्काळजीपणा. चौकशीच्या टेबलावर व्यवस्थापनाच्या प्रतिनिधीने मोबाइल ठेवला, साधनात ४१५ किलोव्होल्ट घातले आणि उत्तर सर्वांना दाखविले: चार लाख पंधरा हजार व्होल्ट. “एवढ्या दाबाने कारखान्याची राख झाली असती, तेव्हा ही नोंद खोटी हे सिद्ध आहे,” असे त्यांनी सांगितले.

गणित बिनचूक होते. आम्ही त्याला हरकत घेतली नाही. आम्ही मीटरच्या काचेवर काय छापले आहे ते वाचावयास सांगितले; तेथे व्होल्ट होते. वहीचे डोके बदलल्याची सूचना कोणत्या भाषेत, कोणत्या फलकावर लावली ते विचारले, सूचना नव्हती. आणि शेवटी ती वहीच पुढे सरकविली. रोज सकाळी त्या पानावर एका अभियंत्याची सही होती, चोवीस दिवसांच्या चोवीस सह्या. राख होण्याइतका आकडा चोवीस वेळा डोळ्यांखालून गेला असेल तर निष्काळजीपणाचे कलम कोठे लावावयाचे, एवढेच आम्ही विचारले. त्या मोटरचे बेअरिंग झिजून रोटर अडकला होता, हेही पुढे दुरुस्तीवाल्याच्या कागदावरून निघाले. आरोप मागे घेतले गेले. पण तोपर्यंत सात आठवडे त्या माणसाच्या घरी पगार आला नव्हता, आणि कंत्राटदाराकडून त्यातला निम्माच वसूल झाला. उरलेला निम्मा कोणत्याही साधनाने रूपांतरित होत नाही.

असो. त्या साधनांच्या यादीत खाली दोन विचित्र नावे दिसतात, त्यांबद्दल आपले कुतूहल जागे झाले असेल: ॲबव्होल्ट आणि स्टॅटव्होल्ट. ही अडगळीतली भांडी आहेत, पण त्यांच्यावरची नावे वाचण्यासारखी आहेत. व्होल्ट हे नाव इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टांवरून आले, ज्यांनी १८०० साली धातूच्या चकत्यांची चळत रचून पहिली बॅटरी जगापुढे ठेवली. शास्त्रज्ञांनी सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंदावरून विजेचे एकक बसविले तेव्हा ते इतके बारीक निघाले की तारायंत्राच्या कामात त्याचा काही उपयोग होईना. तारवाल्यांच्या हाती डॅनियलचा सेल असे आणि सवयीने ते त्याच्याशीच दाब ताडून पाहात. म्हणून त्या बारीक एककाची दहा कोटींची मोळी बांधली. ती डॅनियलच्या सेलच्या जवळपास बसली. तोच व्होल्ट, १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने मान्य केलेला. मूळचे बारीक एकक म्हणजे ॲबव्होल्ट. काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी शास्त्राने आपले माप वाकविल्याची ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

स्टॅटव्होल्टची कथा आणखी नवलाची. एका स्टॅटव्होल्टचे २९९.७९२४५८ व्होल्ट होतात. घरच्या २३० व्होल्टचे होतात जेमतेम ०.७६७ स्टॅटव्होल्ट. आता हा आकडा कोठे पाहिल्यासारखा वाटतो का? प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो. अंक तेच, दशांशचिन्ह सरकलेले. स्थिर विजेवरून काढलेले माप आणि चुंबकावरून काढलेले माप यांचे गुणोत्तर वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ साली मोजले, ते प्रकाशाच्या वेगाला जुळणारे निघाले. आणि पुढे मॅक्सवेल यांनी प्रकाश हीच विद्युत-चुंबकीय लाट असल्याचे सांगितले. हे वाचले त्या रात्री आम्ही वाचनालयाच्या शिपायाने दिवे मालवेपर्यंत उठलो नाही.

याच यादीत कधीकधी इलेक्ट्रॉनव्होल्ट घुसविलेला असतो. नाव व्होल्टचे असले तरी ते ऊर्जेचे माप आहे. ज्या साधनाला एवढे कळत नाही त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जपून पाहावे.

आता साधन काय सांगत नाही ते. घरचे २३० व्होल्ट ही उलटसुलट प्रवाहाची एक प्रकारची सरासरी आहे. तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टला जाते. एकदिश प्रवाहाचा २५० व्होल्टचा कपॅसिटर ‘२३० पेक्षा मोठाच आहे’ म्हणून बसविला तर तो फुटतो. तीन फेजच्या जोडणीत दोन फेजांमध्ये ४०० असतात आणि फेज-न्यूट्रलमध्ये २३०. येथे भागावयाचे ते तीनच्या वर्गमुळाने. मोड करून देणाऱ्याला हे ठाऊक नसते. तसेच व्होल्टचे वॅट किंवा अँपिअर नुसत्या आकड्यावरून होत नाहीत. धोकाही आकड्यावरून कळत नाही: टेरिलिनचा सदरा काढताना चटचट आवाज येतो तेव्हा काही हजार व्होल्ट असतात आणि काही होत नाही, कारण साठलेली वीज चिमूटभर, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर मात्र २३० माणूस नेतात.

आमची कारखानदारांकडे एक साधी मागणी आहे. रकान्याच्या डोक्यावर एककाचे पूर्ण नाव मराठीत छापावे, आणि मीटर ज्या एककात बोलतो त्याच एककात वही असावी. खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर कवटीखाली ११००० व्होल्ट असे लिहिलेले असते, ११ किलोव्होल्ट असे नसते, यात ज्याने कोणी ती पाटी लिहिली त्याचे शहाणपण आहे. शेतातून घरी जाणाऱ्या बाईला अकरा हजार कळतात.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर आम्ही मल्टिमीटर आणि तीन-चार जुने सेल ठेवले आहेत. ज्यांना हाताळून पाहावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे. मुलांना आधी पाहू द्यावे. मंडपाच्या वायरिंगला मात्र कोणी हात लावू नये.