पहिल्यानें क्रेन भाड्यानें घेतांना

लातूरच्या औद्योगिक वसाहतींत एखादी नवी डाळमिल उभी राहते, नांदेडकडे कृष्णूरला एखाद्या कारखान्याचा लोखंडी सांगाडा चढूं लागतो, आणि मालकावर एके दिवशीं क्रेन भाड्यानें घेण्याचा प्रसंग येतो. जुन्या मराठींत या यंत्राला यारी म्हणत. पूर्वीं हेंच काम तिवई, साखळीची कप्पी आणि खलाशांचे दंड यांवर भागत असे. आतां एक चालक व दोन मदतनीस तें पाहतां पाहतां उरकतात. श्रम वांचले; जोखीम मात्र एका दोरावर येऊन एकवटली.

नवखा मालक बहुधा एवढेंच विचारतो, "दहा टनांची क्रेन आहे का? तासाला काय पडेल?" येथेंच पहिली चूक होते. दहा टनांची क्रेन दहा टन उचलते, ती ओझें अगदीं जवळ असतांना. तिचा हात लांबला कीं ताकद घटते. आडाचें पाणी वाहणाऱ्या बाईला हें न शिकतां ठाऊक असतें. भरलेली घागर कमरेवर सहज पेलते; तीच हात लांब करून धरली तर दोन पावलेंहि नेववत नाहीं. म्हणून ओझ्याचें वजन किती, तें किती उंच चढवावयाचें आणि क्रेनपासून किती दूर ठेवावयाचें, या तीन गोष्टी आधीं सांगाव्या व क्रेनच्या भार-तक्त्याशीं ताडून पाहाव्या. वजन यंत्रावरील पाटीवरून किंवा वजनकाट्याच्या पावतीवरून घ्यावें. अंदाजावर विसंबूं नये.

दुसरी गोष्ट जमिनीची. मराठवाड्याची काळी माती कापसाला माउली, परंतु क्रेनला वैरीण. पावसांत ती फुगते व मऊ होते, उन्हांत भेगाळते. बुजविलेला आड, झांकलेलें गटार, नुकताच भरलेला चर कोठें आहे, हें मालकालाच ठाऊक असतें. तें त्यानें लपवूं नये. पाय पसरणाऱ्या क्रेनच्या पायांखालीं जाड लाकडी ठोकळे द्यावे. गांवोगांवीं दिसणारी हायड्रा ओझें घेऊन चाकांवरच चालते. तिला सपाट व घट्ट वाट पाहिजे.

तिसरी गोष्ट दोरांची. एक टनाचें ओझें दोन पदरांनीं टांगलें आणि पदर जमिनीशीं ६० अंशांचा कोन करीत असले, तर प्रत्येकावर सुमारें ५८० किलो ताण येतो. कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येकावर पुरा एक टन. आंखूड दोरानें काम भागविणें म्हणूनच घातक. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमानें कारखान्यांतील उचल-यंत्रें, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदां सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी आवश्यक ठरविली होती. तो दाखला, विम्याचा कागद व चालकाचा परवाना भाडें ठरविण्यापूर्वींच पाहावा. वरून विजेची तार जात असेल तर वीज बंद करविल्यावांचून काम सुरू करूं नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. वजन अंगावर आलें म्हणजे काय होतें, हें या मुलखाला सांगावें लागत नाहीं. टांगलेल्या ओझ्याखालीं कोणीं उभें राहूं नये. चालकाला खुणा एकानेंच कराव्या. 'थांब' ही खूण मात्र कोणींहि करावी व ती मानली जावी. चालक "नको" म्हणाला असतां "जरा ताणून बघ" म्हणण्याचा मोह मालकाला होतो, कारण भाडें तासातासानें वाढत असतें. तेव्हां त्यानें ओझें खालीं ठेववावें आणि दुसरी, मोठी क्रेन बोलवावी. बुडालेलें भाडें पुढल्या हंगामांत भरून निघतें.