चोळीची गाठ आणि कॉर्सेटची पट्टी
(पावणे येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या. १८८३ साली त्या वैद्यकी शिकायला अमेरिकेत उतरल्या, तेव्हा तिथल्या बहुतेक शहरी बायकांच्या झग्याखाली कंबर आवळणारं कॉर्सेट असे. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला त्यांचा १८८५चा फोटो तुम्ही पाहिला असेल. जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. थंडीपायी आनंदीबाईंनी नऊवारी सोडून गुजराती वळणाची साडी धरली, पण साडी सुटली नाही.

आता ते कॉर्सेट उलगडून बघू. पुढे-मागे मिळून बरेच उभे तुकडे, घट्ट विणीच्या सुती कापडाचे. प्रत्येक तुकडा कमरेशी निमुळता. आतून कमरेच्या रेषेवर न ताणणारी फीत, कारण सगळा ओढा तिथेच. तुकड्यांवर टीप मारून बोगदे करायचे आणि त्यांत पट्ट्या सरकवायच्या. अठराव्या शतकात या पट्ट्या देवमाशाच्या असत. 'हाड' म्हणतात, पण ते हाड नव्हे. देवमाशाच्या तोंडातली गाळणी, आपल्या नखांच्या जातीची. उभी चिरली की सरळ पातळ पट्टी निघते, वाफ दिली की वाकते आणि तशीच राहते. पुढे पोलाद आलं. १८२०च्या दशकात बंदांच्या भोकांना धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट, आल्या आणि बंद जोरात ओढता येऊ लागले. नुसत्या दोऱ्याने काजं केलेली भोकं तेवढा ताण सोसत नसत. समोर हूक-खुंटीची पोलादी जोडपट्टी आल्यावर बाई एकटीने कॉर्सेट चढवू लागली. घामाने पोलाद गंजे, म्हणून पुढे न गंजणाऱ्या पट्ट्यांची जाहिरात होऊ लागली. कॉर्सेटसाठी बायका फासळ्या काढून घेत, ही मात्र लोणकढी थाप.

कॉर्सेटला विरोधही बायकांमधूनच झाला. १८७४ साली बॉस्टनमध्ये स्त्रियांच्या पोशाखावर अशीच एक व्याख्यानमाला झाली, आणि बहुतेक वक्त्या डॉक्टर होत्या. कपड्यांचा भार कमरेवर नको, खांद्यावर घ्या, हे त्यांचं म्हणणं.

आमच्या चोळीत पट्टी नाही, तरी ती अंगासरशी बसते. सारी करामत कापण्यात आणि गाठीत. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या: रेशमी ताणा, सुती बाणा. त्याचा काठ बाहीला येईल असा कापायचा, आणि बगलेत तिकोनी कळी घालायची. ती कळी नसती तर भात लावताना किंवा मिठागरात फावडं ओढताना हात वर जाताच चोळी छातीवरून उचलली गेली असती. या खाडीकाठच्या आगरी-कोळी बायकांना ते परवडणारं नव्हतं. पुढची गाठ रोज नव्याने बसते. पोट भरलेलं असो, बाई बाळंतीण असो, गाठ तेवढीच सैल होते. कॉर्सेटमध्ये आकार आधी ठरतो आणि बाई मागून त्यात शिरते. मला तरी दोन शिंप्यांमधला खरा फरक इथे दिसतो.

हल्ली लग्नात शिवलेली नऊवारी मिळते, आत घट्ट 'शेपवेअर' घालून. काष्टा शिवलेला, कमरेला चेन. जेवणाच्या पंगतीत ती सैल करायची सोय कुठल्या दुकानात मिळत असेल, तर मला जरूर सांगा.