भाग २३ : मागे ट्रेलर आहे, हे गाडीला कळू द्या

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे टोबार. म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर किंवा सायकल-रॅक जोडण्यासाठी चासीला जो लोखंडी दांडा बसवतात आणि ज्याच्या टोकाला गोळा असतो, तो.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं ढोल-ताशा पथक आहे, इंग्लंडमध्ये, कव्हेंट्रीच्या आसपास. ढोल एका भाड्याच्या गोदामात, सराव दुसरीकडे, आणि गणपतीच्या दिवसांत दर शनिवार-रविवारी वेगळ्या गावात मिरवणूक. दोन वर्षं आम्ही व्हॅन भाड्याने घेतली. यंदा ठरलं की छोटा ट्रेलर घ्यायचा आणि तो माझ्या गाडीने ओढायचा. गाडी माझी, सामान पथकाचं, पैसे वर्गणीचे. त्यामुळे प्रत्येक पौंडाचा हिशेब द्यावा लागणार होता.

दोन ठिकाणांहून दर मागवले. लोखंड जवळपास सारखंच. फरक होता वायरिंगमध्ये, आणि तो होता दोनशे तीस पौंडांचा. आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "अरे, वायरीला एवढे पैसे? मागे लाल दिवा लागला म्हणजे झालं ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा सगळा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

पण क्रमाने जाऊ. "कुठला टोबार घेऊ?" हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न असा की तुमच्या गाडीला ट्रेलर ओढायची परवानगी आहे का? दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते. तिच्यावर व्हिन नंबर आणि साधारणपणे चार वजनं असतात. पहिलं, माणसं आणि सामान धरून गाडीचं कमाल वजन. दुसरं, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. उरलेली दोन पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची. माझ्या गाडीवर पहिला आकडा १,९०० किलो आहे, दुसरा ३,२००. वजाबाकी केली की १,३००. म्हणजे गाडी पूर्ण भरलेली असेल तर ट्रेलर १,३०० किलोपर्यंत. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर त्या गाडीला ट्रेलर लावायचा नाही, विषय संपला. काही इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या इथेच बाद होतात. काहींना मागे सायकल-रॅकचं वजन चालतं, पण ओढणं चालत नाही.

हा आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा. बिनब्रेकच्या ट्रेलरला ब्रिटनमध्ये वेगळी मर्यादा आहे: ७५० किलो, किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मं, यातलं जे कमी असेल ते. माझी गाडी रिकामी १,३५० किलो, म्हणजे माझी मर्यादा ६७५. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. आमचा ट्रेलर ढोल, ताशे, ध्वज सगळं भरून ४१० किलो होतो, म्हणून निर्धास्त होतो.

लायसन्सबद्दल बरेच जण विचारतात. १६ डिसेंबर २०२१पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कारचं पूर्ण लायसन्स असलेल्याला ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी टेस्ट न देता ओढता येतो. म्हणजे ज्याने जन्मात ट्रेलर लावून रिव्हर्स घेतला नाही, तोही उद्या मोटरवेवर जाऊ शकतो. परवानगी मिळाली म्हणून कौशल्य येत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये एक सकाळ घालवा.

आता लोखंड. टोबारचे मुख्य प्रकार तीन. एक, फ्लँजचा: गोळा दोन बोल्टवर बसतो, स्वस्त आणि दणकट. दोन, वाकड्या मानेचा, एकसंध. तीन, तशाच मानेचा पण काढता येणारा किंवा बंपरखाली आत वळणारा. हा महाग, पण काम नसताना नंबर प्लेटच्या आड येत नाही आणि डिकी उघडताना नडगीला लागत नाही. गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि गाडी भरलेली असताना त्याचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर असावा लागतो. टोबार तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी टाइप अप्रूव्हल असलेलाच घ्या. वेल्डिंगवाल्याकडून दांडा बनवून घेणं इथे चालत नाही.

टोबारच्या लेबलवर दोन अक्षरं बघायची, डी आणि एस. डी म्हणजे गाडी आणि ट्रेलर एकमेकांना जो आडवा हिसका देतात त्याची मर्यादा. दोन्ही वजनं टनांत घ्या, त्यांच्या गुणाकाराला बेरजेने भागा आणि ९.८१ने गुणा. माझ्यासाठी १.९ गुणिले १.३ म्हणजे २.४७. त्याला ३.२ने भागलं आणि ९.८१ने गुणलं की साधारण ७.६ किलोन्यूटन. लेबलवरचा आकडा याहून कमी नको.

एस म्हणजे गोळ्यावर वरून किती भार चालेल तो. हे समजायला मला माझ्या आजोबांचे शब्द उपयोगी पडले. बैलगाडी भरताना ते म्हणायचे, गाडी धुरजड नको आणि उलाळही नको. धुरजड म्हणजे पुढे भार जास्त, सगळं वजन बैलांच्या मानेवर. उलाळ म्हणजे मागे भार जास्त, जू वर उचललं जातं. ट्रेलरचं अगदी तसंच आहे. फार धुरजड झाला तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. उलाळ झाला तर तो त्याहून वाईट, कारण वेग वाढला की मागच्या मागे सापासारखा डुलायला लागतो. साधारण नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार गोळ्यावर यावा, आणि गाडीची किंवा टोबारची मर्यादा ओलांडू नये. आमच्या ४१० किलोंना २० ते २९ किलो. घरातला वजनकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा घ्या, ट्रेलर सपाट उभा ठेवा, त्याचं पुढचं टोक ठोकळ्यावर टेका, कळतं. कमी भरलं तर ढोलांची एक रांग पुढे सरकवायची.

आता ताईंचा प्रश्न. वायर.

ट्रेलरला दिवे लागतात: मागचे दिवे, ब्रेक, इंडिकेटर, फॉग. साध्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये क्रम ठरलेला असतो. एक नंबर डावा इंडिकेटर, पिवळी वायर. दोन फॉग, निळी. तीन अर्थिंग, पांढरी. चार उजवा इंडिकेटर, हिरवी. पाच उजवा मागचा दिवा, तपकिरी. सहा ब्रेक, लाल. सात डावा मागचा दिवा, काळी. तेरा पिनांच्या सॉकेटमध्ये याशिवाय रिव्हर्सचा दिवा आणि कॅराव्हॅनच्या बॅटरी-फ्रिजसाठी वीज मिळते. बरेच सायकल-रॅकही तेरा पिनांचे येतात. मी तेरा घेतलं, सात पिनांच्या ट्रेलरसाठी अ‍ॅडॅप्टर स्वस्तात मिळतो.

जुन्या गाडीत काम सोपं होतं. मागच्या दिव्याची वायर सोलायची आणि जोड द्यायचा. आताच्या गाडीत दिवा थेट स्विचवर नसतो, त्याला वीज देतो तो गाडीचा कॉम्प्युटर. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो. तिथे दुसरा जोडला की दुप्पट. ते आउटपुट तेवढ्यासाठी बनवलेलं नसतं. म्हणून स्वस्त किटमध्ये बायपास रिले देतात. तो गाडीच्या दिव्यांच्या वायरींवरून फक्त इशारा घेतो आणि ट्रेलरला वीज बॅटरीवरून वेगळी देतो. यात गाडीचं नुकसान होत नाही, दिवेही लागतात. पण मागे ट्रेलर आहे हे गाडीला कळतच नाही.

महागड्या, त्या मॉडेलसाठीच बनवलेल्या किटमध्ये एक छोटं मॉड्यूल असतं. ते गाडीच्या कॅन बसला जोडतात. कॅन बस म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरी, ज्यांवर ब्रेक, इंजिन, दिवे सगळे एकमेकांशी बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६मध्ये जगासमोर आणली. मॉड्यूल जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये कोडिंग केलं की प्लग लावताक्षणी गाडीला निरोप जातो: मागे ट्रेलर आहे.

या निरोपाने काय होतं? मागचे पार्किंग सेन्सर गप्प बसतात. गाडीचा स्वतःचा फॉग लॅम्प बंद होतो, नाहीतर त्याचा उजेड ट्रेलरच्या तोंडावर आपटून आरशात येतो. ट्रेलरचा इंडिकेटर गेला तर डॅशबोर्डवर कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनेक गाड्यांमध्ये ट्रेलर डुलायला लागला की तो सावरणारी यंत्रणा असते. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनचा जोर कमी करते. पण बऱ्याच गाड्यांत ती तेव्हाच जागी होते जेव्हा ट्रेलर आहे हे गाडीला माहीत असतं.

मी ताईंना एवढंच सांगितलं, "ताई, दिवा मागच्या माणसासाठी आहे. हे दोनशे तीस पौंड आपल्या गाडीत बसलेल्या चौघांसाठी आहेत." आमच्या धंद्यात एक गोष्ट रोज दिसते: सिस्टिमला अंधारात ठेवून केलेली सोय चालते, जोवर सगळं ठीक आहे तोवर. बिघडायला लागलं की सिस्टिम चुकीच्या माहितीवर निर्णय घेते, आणि दोष तिचा नसतो.

मात्र हे सगळ्यांना लागू नाही. गाडी जुनी असेल, तिच्यात अशी यंत्रणाच नसेल, किंवा फक्त सायकल-रॅक लावायचा असेल, तर बायपास रिले पुरेसा आहे. इंडिकेटर चालू असल्याचं ड्रायव्हरला दिव्याने किंवा आवाजाने कळलं पाहिजे, एवढं त्यात असल्याची खात्री करा. आणि ट्रेलरला एलईडी दिवे असतील तर किटला ते चालतात का, हे आधी विचारा. बल्ब शाबूत आहे का हे तपासायला गाडी बारीक झटके पाठवते, त्याने एलईडी लुकलुकतात.

टोबार गॅरेजने बसवला, वायरिंग मी केलं. तीन गोष्टी सांगतो. एक, बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि नव्या पॉझिटिव्ह वायरीचा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. दोन, वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून न्यायची, आणि पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी बूच हवं. तीन, तपासणी मीटरने नाही, बल्बने करा. गंजलेला जोड मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्ब लावला की मान टाकतो. इंडिकेटर दिल्यावर बाकीचे दिवे त्याच तालात मिणमिणायला लागले तर बल्ब बदलत बसू नका. अर्थिंग सैल आहे. वीज परतीची वाट दुसऱ्या दिव्यांतून शोधते आहे.

निघण्यापूर्वी रोज हेच करा. कपलिंग बसलं का, हे ट्रेलरचं तोंड वर उचलून बघा, गाडीची मागची बाजू बरोबर उचलली गेली पाहिजे. सुरक्षेची साखळी लावा. एकाला मागे उभं करून सगळे दिवे बघा. ट्रेलरवर गाडीचीच नंबर प्लेट हवी. टायरमधली हवा बघा. टोबार बसवल्याचं इन्शुरन्सवाल्यांना आधीच कळवलेलं असू द्या. आणि वेग: एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आपली नाही. कव्हेंट्रीहून लेस्टरला एम-६९ने जाताना मागून घाई करणारे भेटतात. जाऊ द्यायचं त्यांना.

ताईंनी सही केली, पण एका अटीवर: ट्रेलर कोणी कोणी ओढायचा त्याची यादी करायची आणि प्रत्येकाने पार्किंगमध्ये रिव्हर्स घेऊन दाखवायचा. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहिलं.

तुमच्या गाडीच्या पट्टीवरचे आकडे कळत नसतील तर कळवा, बसून बघू. आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.